धुतलेला धूर

दोष सरळसरळ अण्णासाहेब निंबोरेंचा. शाळेचे अध्यक्ष तेच आणि शाळेसमोरच्या हुक्का कॅफेचे मालकही तेच. दहावीच्या मुली क्लासच्या नावाखाली तिथं धूर सोडत बसायच्या, म्हणून शाळेतल्या शिक्षिका पेंडसेबाईंनी मुली आणि पालकांसाठी हुक्क्याचे धोके सांगणारा ऑनलाइन वर्ग सुरू केला. तो बंद पाडायला अण्णासाहेब शेजारी हुक्का मांडून स्वतः स्क्रीनवर अवतरले. पालक नेहमीसारखे हात जोडून गप्प.

"बाई, पोरींना घाबरवणं पुरे. आमचा हुक्का फळांचा. धूर पाण्यातून धुऊन येतो, घाण खाली राहते. उद्यापासून हा वर्ग बंद!"

ऋजुता तोडकर या विद्यार्थिनीनं माइक चालू केला. "अण्णासाहेब, ते पाणी ग्लासात ओतून दाखवा ना."

अण्णासाहेबांनी ऐटीत ओतलं. तपकिरी, तवंग आलेलं. "बघ, किती घाण अडवली!"

"आता एक घोट घ्या. फळांचंच आहे."

"शी! हे कोण पिणार?"

"मग ज्या पाण्याला तुम्ही ओठ लावत नाही, त्यात बुचकळलेला धूर धुतलेला कसा हो?"

तेव्हा कुठे पालकांना कंठ फुटला आणि त्यांनी मिळून तक्रार केली. वर्ग चालू राहिला. अण्णासाहेबांचा कॅफे गेला आणि अध्यक्षपदही गेलं.