एका पानाचं घर

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं ठरलं होतं, पण आता तिला फार वर्षं लोटली आहेत.

टाचणी नावाची एक शिंपी पाखराची पोर होती. भेंडीच्या शेतातली उडण्याची शाळा संपली, तशी ती दयाळबुवांकडे गाणं शिकायला नदीकाठच्या मोठ्या उंबरावर गेली. तिथला नियम कडक होता. सूर्य मावळायच्या आत उंबरावर घर झालं नाही, तर वर्गात जागा नाही.

पानं साळुंकीकाकूंच्या ताब्यात होती. "एका पानाचं भाडं रोज पाच अळ्या," त्या म्हणाल्या. "तुम्हा शिंपी पाखरांना दोन पानं जोडावी लागतात. म्हणजे दहा."

"शिकता शिकता पाचच जमतील, काकू."

"मग आपली भेंडीच बरी! एका पानात कुणी राहतं का, बये?"

टाचणीने एकच पान निवडलं, ते पुंगळीसारखं दुमडलं आणि त्याच्याच दोन कडा आईने दिलेल्या कापसाने शिवायला घेतल्या. टाका दोनदा निसटला. तिने तो दोनदा पुन्हा घातला. शेवटची गाठ बसली तेव्हा सूर्य नदीला टेकला होता.

साळुंकीकाकू डोकावून म्हणाल्या, "अगं, शेपटी बाहेर राहतेय!"

"राहू दे. गळा आत मावतोय."

सकाळी वर्गात ती सगळ्यांच्या आधी हजर होती. शेताकडे निघालेल्या राघूला तिने निरोप दिला, "आईला सांग, घर चांगलं ऐसपैस आहे. आणि ते एकाच पानाचं आहे, हे तिला मुळीच..."

थांबा हं, गोष्ट सांगता सांगता मलाच हाक आली. आले गं ताई, आले!