आमेन न म्हणणारी रूथकाकू

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं आणि तिथे प्रार्थना डोळ्यांना दिसायची. हो, दिसायची! मार्था, हसू नकोस, गोष्ट माझी आहे. माणूस प्रार्थना करायला लागला की त्याच्या तोंडातून पांढरा धागा निघायचा, रेशमासारखा. आमेन म्हटलं की तुटायचा.

तिथली राणी सलोमी. मोठी टापटिपीची बाई, बरं का. उन्हाळा आला की राजवाड्याच्या गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, सगळं वाळत पडायचं. वर्षभराची साठवण एका महिन्यात. मग एका उन्हाळ्यात तिच्या मनात आलं, प्रार्थनेचंही असंच का करू नये? रोज रोज गुडघे कशाला टेकायचे? एकदाच करून ठेवू, लागेल तेव्हा काढू.

मग काय! महिनाभर सगळा राजवाडा गुडघ्यांवर. प्रार्थना करायची, आमेन म्हणायचं, धाग्याची गुंडी करून बरणीत टाकायची आणि तोंडावर फडक्याचा दादरा घट्ट बांधायचा. कोठीघरात बरण्यांच्या रांगा लागल्या. "झालं बाई वर्षाचं," राणी म्हणाली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिनं हात जोडले नाहीत. दरवर्षी असंच. बरण्या वाढत गेल्या, उघडायची मात्र कधी वेळ आली नाही.

राणीची धाकटी जाऊ होती, रूथ. तिला काही ही साठवण जमेना. चूल पेटली की म्हणायची, "देवबापा, ऊब दिलीस रे." विहिरीवर गेली की, "देवबापा, पाणी गोड ठेव." मला तर बाई ही रूथ फार आवडते. तिला हसू आलं तरी धागा, रडू आलं तरी धागा. एकदा दूध उतू गेलं, तर देवालाच म्हणाली, "बघत होतास ना? मग सांगायचंस तरी!" असं हक्कानं बोलायचं म्हणजे किती जवळचं नातं लागतं, सांगा बरं!

आणि आमेन? नावच नको. तिचा धागा राजवाडाभर पसरलेला. खांबाला वेढे, जिन्यावर वेढे. राणी वैतागायची. "अगं रूथ, हा पसारा आवर. आमेन म्हण एकदा!"

"अक्का, अजून बोलणं कुठं संपलंय?" रूथ म्हणायची.

राणीला एकच लेक, तबीथा. सगळे तिला तबू म्हणायचे. तिची वेणी रोज रूथकाकू घालायची. तीन पेड घेतले की काकूचं सुरू, "देवबापा, बघ हिचे केस किती वाढलेत. पोरीला सांभाळ हं." बोलता बोलता धागा वेणीत गुंफला जायचा.

मग एके दिवशी दुपारी तबू करडाच्या मागे पळत डोंगरावर गेली आणि वरून धुकं उतरलं. साधंसुधं धुकं नव्हे ते. आपलाच हात आपल्याला दिसेना. हाक मारली तर ती पायाशीच पडायची. आणि वर तर उभा कडा! राजा मशाली घेऊन आत शिरला आणि शिरला तिथूनच बाहेर आला.

राणी धावत कोठीघरात गेली. बरण्या काढल्या. पहिलीचा दादरा सोडला. गुंडी उलगडली, तर धागा बोलायला लागला, "देवा, यंदा पाऊस पाड." पाऊस तर कधीच पडून गेला होता! दुसरी बरणी उघडली. "देवा, माझी दाढदुखी थांबव." ती दाढ तर काढूनही झाली होती. मग तिसरी, खास तबूच्या नावाची. राणीनं तीही उघडली. धागा म्हणाला, "देवा, बाळाला दात लवकर येऊ दे."

राणी मटकन खाली बसली. आता नवी प्रार्थना करावी, तर शब्द फुटेना. बोलायची सवयच मोडली होती हो तिची!

तेवढ्यात रूथ आली. हाताला पीठ तसंच. म्हणाली, "अक्का, सकाळी वेणी घालताना बोलत होते, ते अजून तोडलं नाही. उठा. हा धागा धरा."

दोघी धुक्यात शिरल्या. काकू पुढे, बोलत बोलत. बोलेल तोवर धागा लखलखायचा, तेवढीच वाट दिसायची. काट्यातून गेल्या. ओढ्यातून गेल्या. कड्याखाली आल्या आणि काकूचा आवाज बसला. धागा केसाएवढा बारीक झाला. काकूनं राणीचा हात दाबला, जणू म्हणाली, आता तुम्ही.

राणी म्हणाली, "देवबापा... मला नीट बोलता येत नाही. माझी तबू रे." एवढंच. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच. तिचा धागा निघाला तो सुतळीसारखा जाडाभरडा, गाठीगाठींचा. पण काय पक्का! काकूच्या धाग्याला जाऊन मिळाला आणि कड्यावर चढायची वाट उजळली.

कड्याच्या अगदी टोकाशी तबू बसली होती. मांडीवर करडू. घाबरलेली नाही, काही नाही. तोंडानं बडबड चाललेली आणि ओठांतून इवलासा धागा.

राणीनं तिला पोटाशी धरलं. "बाळा, एकटी काय करत होतीस गं?"

"एकटी कुठं? देवबापाशी बोलत होते. त्याला म्हटलं, मी इथंच बसते, जागची हलत नाही. तू जा आणि आईला घेऊन ये."

राणी रडली हो, खूप रडली. मग तिघी हात धरून, बोलत बोलत घरी आल्या. बरण्यांमध्ये त्या वर्षी नुसतं लोणचं भरलं. राजवाडाभर धागेच धागे झाले, येता-जाता पायात यायचे, पण पुन्हा कुणी कुरकुरलं नाही. सगळी माणसं सुखानं राहिली आणि करडाचा चांगला मोठा बोकड झाला.

चला, पांघरुणं घ्या. शमुवेल, पाय आत घे. चर्चमध्ये आमेन म्हणायचं हं, मोठ्यानं म्हणायचं, नाहीतर पाळकसाहेब मला बोलतील. पण आत्ता अंथरुणात देवबापाशी हळूहळू बोलत राहा. मधेच झोप लागली तर लागू दे. तो जागाच असतो. उरलेलं सकाळी वेणी घालताना सांगू त्याला.