गवळ्याची नजर

घाटाखालच्या एका गावात भिकोबा नावाचा गवळी होता. जनावरांच्या बाबतीत त्याची नजर फार तीक्ष्ण, असं सगळे म्हणत आणि ते खरंही होतं. म्हैस रवंथ करायची थांबली, तिचे कान गार पडले किंवा श्वास घेताना कूस उडायला लागली, की भिकोबाला लांबूनच कळे. एकदा त्याची लाडकी चांदी बाकीच्या म्हशींपासून बाजूला उभी राहिलेली दिसली. तो अर्धी भाकरी ताटात टाकून उठला आणि तालुक्याहून गुरांच्या डॉक्टरांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. म्हैस वाचली. पुढे महिनाभर त्याने ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली.

चांदीची एक खोड होती. ती पान्हा सोडायची फक्त भिकोबाच्या बायकोच्या, अनसूयेच्या हाताला.

थंडीत गावात फ्लूची साथ आली. आधी भिकोबा आणि त्याचा मुलगा आजारी पडले. दोघांनी रीतसर अंथरूण धरलं, कण्हत पेज मागितली, गरम पाणी मागितलं. अनसूया देत राहिली. ते बरे झाले तेव्हा ती पडली. पडली म्हणजे एक दिवस. ताप उतरल्यासारखा वाटला आणि ती उठून गोठ्यात गेली. घरातल्यांना हायसं वाटलं, कारण चांदी आदल्या संध्याकाळपासून दूध चोरत होती.

दोन दिवसांनी ताप परत आला, आधीपेक्षा जास्त. हे घरात एकीनेच पाहिलं. ती म्हणजे नुकतीच लग्न होऊन आलेली सून, कलावती. नव्या सुनेला बोलायला फारशी जागा नसते, त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळतो. सासूबाई एक वाक्य तीन तुकड्यांत बोलत होत्या, मध्ये थांबून श्वास घेत होत्या. ओठ जांभळट दिसत होते. सकाळी उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या भरलेला तसाच होता. आणि संध्याकाळी त्यांनी कलावतीला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली.

कलावतीने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आबांना विचार. ती सासऱ्यांशी बोलायला गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

“मामा, आत्यांना श्वास पुरत नाही. ओठ काळे पडलेत. आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं.”

भिकोबा चांदीच्या कानाला हात लावून बघत होता.

“कालपरवा घरात आलीस, लगेच डॉक्टरीण झालीस होय? आम्हाला नव्हता झाला फ्लू? सकाळची धार होऊ दे, मग बघू.”

सकाळी धार झालीच नाही. अनसूयेला उठता येईना. तेव्हा तिला दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मधे बसवून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतोय, ओठ कधी निळे पडले. भिकोबाला सांगता येईना. इतक्या दिवसांत त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. सांगितलं ते कलावतीने. मग काल का नाही आणलंत, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र भिकोबा टेम्पोतले कॅन बघायला बाहेर गेला.

अनसूया दुसऱ्या दिवशी गेली.

सुतक फिटायच्या आत चांदीने वैरण सोडली. दूध तर थेंबभरही देईना. भिकोबा ताटावरून उठला आणि त्याने मोटरसायकल काढली. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी कान बघितले, कूस बघितली, सड दाबून बघितले.

“म्हैस ठणठणीत आहे. हिची धार काढायच्या त्या बाई कुठे आहेत?”

भिकोबाने चांदीच्या कानाला पुन्हा एकदा हात लावून बघितला.

जमलेल्यांपैकी कुणीतरी हळहळून म्हणालं, मुक्या जनावराला किती कळतं बघा. ते ऐकून कलावतीला हसू आलं. तिने झटकन पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, सासूच्या आठवणीने रडतेय.

तात्पर्य: फ्लू बहुतेकांचा विश्रांतीने बरा होतो, पण उतरलेला ताप पुन्हा चढला, धाप लागली, ओठ निळे पडले, पाणी जाईना किंवा माणूस भलतंच बोलू लागलं, तर धार, वैरण, सकाळ कशाचीही वाट न बघता दवाखाना गाठावा. आणि हे सगळं दिसायला आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागतं.