खंडेनवमीला आलेली गाडी

“संशय कुणावर आहे तुझा?” नूरउस्तादांनी विचारलं.

“परसूनानावर,” भूपाल म्हणाला. “दुसरं कोण असणार?”

उस्तादांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि पिऊन टाकला.

मिरजेत उस्तादांचं गॅरेज चाळीस वर्षांचं. हल्ली ते कामाला हात लावत नाहीत, दारात खुर्ची टाकून बसतात. सगळं भूपाल मगदूम बघतो. पोरगं कामाला चोख, पण जीभ हाताच्या चार पावलं पुढं. माझ्या हातून गेलेली गाडी परत येत नाही, असं तो गिऱ्हाइकाला बजावून सांगायचा. आणि आज खंडेनवमीच्या दिवशी आरवाडे वकिलांची जुनी काळी गाडी परत आली होती, तीही चार माणसांनी ढकलून सुरू केलेली.

“कशावरनं म्हणतोस?”

“परवा इथनं निघाली तेव्हा एका किल्लीत सुरू झाली. त्यानंतर ती कुणाच्या हातात होती? ड्रायव्हरच्या, म्हणजे नानाच्या. वकिलांना उद्या दसऱ्याला कुलदैवताला जायचंय. नानाला त्याच दिवशी गावाकडं जायला रजा पाहिजे होती, वकिलांनी दिली नाही. आणि नेमकी आज सकाळी गाडी बंद. कुठंतरी पाणी मुरतंय, उस्ताद.”

“काही सापडलं?”

“न्हाई ना, तेच तर.” भूपालनं आवाज खाली आणला. “बॅटरी नवी. बदलली असेल म्हणून बघितलं, तर माझीच खूण आहे तिच्यावर. स्टार्टर खोलला, आतनं स्वच्छ. हॉर्न वाजतो, दिवे लागतात. किल्ली फिरवली की नुसतं कट्‌ होतं आणि दिवेसुद्धा मान टाकतात. काही म्हणजे काही सापडत नाही. माणूस किती मुरलेला असेल बघा.”

आता याला काय म्हणावं? काही सापडलं असतं तरी नाना चोर, नाही सापडलं तरी नाना चोर.

परसूनाना अंगणात एका जुन्या टायरवर बसला होता. साठीचा माणूस, सव्वीस वर्षं वकिलांकडं ड्रायव्हर. सकाळपासून तो भूपालच्या नजरेला नजर देत नव्हता. चोराच्या मनात चांदणं, असं भूपाल समजून चालला होता. खरं तर नानानं सकाळी वकिलांचं बोलणं ऐकलं होतं. वकिलांनी दुसरा ड्रायव्हर बघून ठेवला होता. भूपाल काय सांगतो त्यावर ठरणार होतं, आणि पाच वाजता ते फोन करणार होते. या वयात नानाच्या हातात दुसरी गाडी कोण देणार?

“वकिलांना काय सांगणार?” उस्तादांनी विचारलं.

“आहे ते. नानानं आत कुठंतरी हात मारलाय.”

“बरं.” उस्ताद गुडघ्यावर हात ठेवून उठले. “एकदा मला दाखव.”

“आता कशानं दाखवू? पूजा झाली. हत्यारं बसली.”

भिंतीकडच्या फळीवर पान्हे, पक्कड, मीटर, सगळं ओळीनं मांडलं होतं, हळदकुंकू आणि झेंडू वाहिलेलं. उद्या सकाळपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. उस्ताद मुसलमान, पण गॅरेजला हा नेम घातला तो त्यांनीच.

“हत्यारं बसली,” उस्ताद म्हणाले. “हात बसले काय?”

त्यांनी अंगणाकडं वळून हाक मारली.

“परसू, किल्ली घेऊन आत बस.”

“त्याला बसवता?” भूपाल कुजबुजला. “उस्ताद, त्याच्याच हातात किल्ली?”

“तू एकेका जोडावर तळहात ठेव. वीज अडते तो जोड तापतो. परसू, फिरव.”

कट्‌.

बॅटरीचा जोड थंड. स्टार्टरचा थंड. मधल्या स्विचचाही थंड. भूपालचा हात जोडावर होता, पण डोळे काचेतून नानावर. नाना रुमालानं घाम पुसत होता. काही केलं नसेल तर घाम कशाला येतोय याला?

“झालं,” भूपाल म्हणाला.

“झालं?”

“झालं की.”

“सगळे जोड…?”

“एक ऱ्हायला. बॅटरीची अर्थिंगची पट्टी, ती बॉडीला बसते तिथला. तो बघायला नको.”

“का?”

“तो मी स्वतः बसवलाय परवा.”

उस्तादांनी त्या बोल्टकडं बोट केलं.

खंडेनवमीला गाडी नटलेली पाहिजे म्हणून परवा भूपालनं बॉनेटखालची सगळी जागा घासून चांदीचा रंग मारला होता. एकेक पट्टी सोडवून, एकेक बोल्ट काढून, एक कोपरा सोडला नव्हता. वकिलांनी बॉनेट उघडून बघितलं होतं आणि त्याची पाठ थोपटली होती.

“तुमच्या समाधानासाठी ठेवतो हात,” भूपाल म्हणाला.

“ठेव.”

“फिरव रं नाना.”

कट्‌.

भूपालनं हात झटकला. बोल्ट तापला होता. त्यानं पुन्हा हात ठेवला, नानानं पुन्हा किल्ली फिरवली. आता चटकाच बसला, आणि रंग करपल्याचा वास आला.

बोल्ट थोडा निवल्यावर त्यानं तो बोटांनीच फिरवून बघितला. खड्ड्यांनी सैल झाला होता, सहज निघाला. पट्टी बाजूला केली. खाली चांदीचा रंग होता, दोन हात दिलेला, दाट आणि गुळगुळीत. पत्र्याला पत्रा जिथं भिडायचा, तिथंच. परवा नुसत्या आवळलेल्या बोल्टवर गाडी सुरू झाली होती; तो सैल झाल्यावर रंगातनं पुरेशी वीज जाईना.

भूपालचे कान तापले. अशी लाज त्याला शिकाऊ असतानाही कधी वाटली नव्हती.

नाना खाली उतरून शेजारी आला. वाकून बघितलं, पण त्याला त्यातलं काही कळलं नाही.

“सापडलं काय रं?”

“सापडलं.”

“माझ्याकडनं काय चुकलं होतं काय?” नानानं विचारलं. “सकाळपासनं तेच आठवतोय मी. काल गाडी लावताना कुठं धक्का लागला काय, काय झालं…”

भूपालनं पट्टी हातातनं सोडली. तो उस्तादांना बाजूला घेऊन गेला.

“वकिलांना सांगतो, वायर सैल झाली होती. खड्ड्यांनी होतं असं. नानाचं नाव येत नाही त्यात.”

“आणि?”

“…आणि माझंही येत नाही.”

“सैल झाली तेव्हा गाडी कोण चालवत होतं, असं वकील विचारतील.”

तेवढ्यात पाच वाजले.

भूपालच्या खिशातला फोन वाजायला लागला. आरवाडे वकील. नानानं आवाज ऐकला, टोपी सारखी केली आणि ताठ उभा राहिला.

भूपालच्या बोटांना करपून सुटलेला चांदीचा रंग लागला होता. त्यानं फडकं उचललं आणि बोटं पुसायला लागला. एकदा पुसली, दोनदा पुसली. फोन वाजतच होता.

उस्तादांनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “याच हातानं उचल.”