धुरपाबाईचा उभा बाजार

फार वर्षांपूर्वी, घाटातून गाडीरस्ता नव्हता आणि माल बैलांच्या पाठीवरून यायचा, तेव्हाची ही गोष्ट. कारवंडे गाव तेव्हाही होतं आणि त्याचा बुधवारचा बाजारही होता. बसा नीट, मधेच उठू नका. या गोष्टीत उभं राहायचं काम दुसऱ्यांनी करून ठेवलंय, आपल्याला नुसतं बसून ऐकायचंय.

त्या बाजारात भिंती नव्हत्या की दारं नव्हती. नदीकाठच्या मोकळ्या भुईवर कुंभार मडकी मांडायचे, कासार बांगड्या मांडायचे, लोहार विळे-खुरपी मांडायचे. ज्यानं वस्तू केली त्यानंच ती विकायची, अशी रीत होती. त्यामुळे लोक नुसतं मडकं मागत नसत, म्हादूचं मडकं मागत. नुसतं सूप घेत नसत, धुरपाचं सूप घेत.

ही धुरपाबाई बुरूडवाड्यातली. बांबू चिरून सुपं, टोपल्या, रोवळ्या विणणारी. बांध्यानं किरकोळ, पण हाक मारली तर नदीपलीकडची गुरं वळून बघायची. तिचा नवरा बांबू तोडायला डोंगरात जायचा आणि घरी आला की गप्प बसायचा. बोलायची सगळी कामं बाईकडे होती. तिनं विणलेल्या सुपातून पाणीसुद्धा गळत नसे, असं म्हणतात. सुपातून पाणी कुणी आणि कशाला न्यायचं, ते मला विचारू नका.

एके वर्षी नारोशेट नावाच्या व्यापाऱ्यानं दरबारातून बाजारच्या जागेचा मक्ता मिळवला. कडेला भलीमोठी वखार बांधली आणि दवंडी पिटवली : "आजपासून बाजाराची भुई शेटजींची! सगळ्यांनी माल वखारीत विकायचा आणि गावानं तो वखारीतनं घ्यायचा! या भुईवर जो कुणी आपला माल टेकवील, त्याचा माल जप्त!"

लोक हबकले. वखारीत म्हादूचं मडकं आणि दुसऱ्याचं मडकं एकाच ढिगात पडणार, भाव शेटजी सांगतील तो, आणि मडकं कुणाच्या घरी गेलं हे म्हादूला कधी कळायचं नाही. हातात कसब राहील, पण नाव जाईल आणि आज ना उद्या पोटही जाईल. काहीजण वखारीच्या दाराशी रांगेत उभे राहिलेसुद्धा. त्यांना मी नावं ठेवत नाही, घरात चूल असते.

पुढच्या बुधवारी नदीकाठची भुई ओस पडली होती. शेटजींचे पहारेकरी काठ्या घेऊन फिरत होते. तेवढ्यात धुरपाबाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोठं टोपलं, टोपल्यात सुपांची चळत. ती नेहमीच्या जागेवर आली आणि उभी राहिली.

"ए बाई, माल टेकवायचा न्हाई!" पहारेकरी ओरडला.

"मग टेकवतंय कोन?" धुरपाबाई म्हणाली. "भुई तुमच्या शेटची. डोस्कं माजं हाय न्हवं?"

पहारेकऱ्यानं डोकं खाजवलं. दवंडीत डोक्याबद्दल काही नव्हतं. धुरपाबाई दिवसभर तशीच उभी राहिली. ऊन जसजसं चढत गेलं तसतसं तिच्या डोक्यावरचं टोपलं रुंद होत गेलं, आणि दुपारी त्या टोपल्याची सावली सगळ्या बाजारावर पडली, असं म्हणतात. त्या सावलीत गावातली कुत्री येऊन झोपली. एकही सूप विकलं गेलं नाही, पण तिचं उभं राहणं सगळ्या गावानं पाहिलं.

त्याच्या पुढच्या बुधवारी बाजार भरला आणि उभा भरला. कुंभार मडक्यांची उतरंड डोक्यावर घेऊन आले. कासारांनी बांगड्यांच्या टोपल्या, म्हणजे हारे, डोक्यावर घेतले. लोहारानं तर ऐरणच डोक्यावर घेतली, असं लोहार सांगतात. कासार सांगतात, ऐरण नव्हती, नुसता हातोडा होता. आता कोण खरं आणि कोण खोटं ते तुम्ही ठरवा. लोहारांच्या समोर मी ऐरणच म्हणतो.

पण पहिल्याच घटकेला गोंधळ झाला. डोक्यावर ओझं, दोन्ही हात ओझ्याला, मग गिऱ्हाईकाला वस्तू द्यायची कशी? म्हादू कुंभार एक हात सोडून वरचं मडकं काढायला गेला, तोल गेला आणि उतरंड भुईवर आली. खापऱ्या गोळा करायलाही पहारेकऱ्यांनी दिलं नाही. भुईला टेकलं ते शेटजींचं. वखारीच्या ओट्यावर बसून नारोशेट हसला. "माना अवघडल्या की येतील आपसूक," असं तो म्हणाला आणि पान खायला आत गेला.

म्हादूच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांची पावलं घराकडे वळायला लागली. तेव्हा धुरपाबाईनं ती नदीपलीकडची हाक दिली.

"थांबा रं! आपला माल आपनच इकायचा ही रीत आजच्यापुरती मोडा. ज्येच्या डोस्क्यावर वजं हाय त्येनं निस्तं उबं ऱ्हायाचं. शेजाऱ्यानं आपलं वजं तवर बाजाराच्या भुईबाहेर ठिवून त्येचा माल काढायचा, त्येचा भाव सांगायचा. मग शेजाऱ्यानं आपलं वजं डोस्क्यावर घ्यायाचं, आन् ह्येनं त्येचा माल इकायचा!"

हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्या बाजारात दोन कासार होते, सख्खे चुलतभाऊ, ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. एकाच्या बांगड्या दुसऱ्यानं विकायच्या म्हणजे काय, विचार करा. थोरल्यानं आधी आपला हारा भुईबाहेर नेऊन ठेवला. मग एका बाईच्या हातात धाकट्याची बांगडी चढवत तो मोठ्यानं म्हणाला, "घ्या ताई, ह्येच्यासारखा चुडा माज्याकडं बी न्हाई." धाकटा हाऱ्याखाली रडत होता, असं म्हणतात. डोळे पुसायला त्याचा हात रिकामा नव्हता.

त्या दिवशी भरपूर माल विकला गेला. वखारीत माशी शिरली नाही. पुढच्या बुधवारी माणसं वाढली, त्याच्या पुढच्याला आणखी वाढली. एखाद्या म्हाताऱ्याचे पाय थरथरायला लागले की गिऱ्हाईकच पुढे होऊन ओझं आपल्या डोक्यावर घ्यायचं. मग विकणारा कोण आणि घेणारा कोण, हे पहारेकऱ्यांना कळेना. ओझं धरणाऱ्या आणि माल विकणाऱ्या या सगळ्या माणसांना गाव 'उभी मंडळी' म्हणायला लागलं. असली मंडळी आमच्या गावात झाली, याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

नारोशेटही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं भाव पाडले, गूळ वाटला, पाहुणे व्यापारी आणले. बाजार उभाच राहिला. असाच चालला असता तर कोण आधी थकलं असतं, देव जाणे. पण नारोशेटच्या घरी पाळणा हलला.

बऱ्याच नवसांनी नातू झाला होता. आमच्या भागात बाळाला पाळण्यात घालण्याआधी कोऱ्या सुपात निजवतात, आणि ते सूप घरच्या कर्त्या पुरुषानं बुरडिणीच्या पदरात धान्य घालून तिच्या हातून घ्यायचं असतं. वखारीत सगळं होतं, सूप तेवढं नव्हतं. बुरूडवाड्यानं एक काडीही वखारीला विकली नव्हती. नारोशेटनं नोकर धाडला, तो हात हलवत परत आला. तेव्हा शेटची म्हातारी आई कडाडली, "नारू, तुझी वखार गेली खड्ड्यात. बाळ भुईवर ठेवू का मी? स्वतः जा आणि सूप घेऊन ये!"

नारोशेट डोक्याला पागोटं घालून, उपरण्यात धान्य घेऊन भर बाजारात आला. धुरपाबाईच्या पदरात धान्य पडलं. ती म्हणाली, "सूप देते की. लेकराशी काय वैर न्हाई माजं. पर सूप हाय टोपल्यात, आन् टोपलं डोस्क्यावर. जरा धरा."

नारोशेटनं इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांचे हात ओझ्याला नाहीतर मालाला गुंतले होते. त्यानं पागोटं काढलं आणि टोपलं डोक्यावर घेतलं.

धुरपाबाई सूप निवडायला लागली. एक काढलं, त्याची कड तपासली, शेजारणीच्या डोक्यावरच्या टोपल्यात टाकलं. दुसरं काढलं. लेकराला टोचायला नको, म्हणून पात बोटानं चाचपली. सुपं टोपल्यातून कमी होत होती आणि टोपलं मात्र जड होत होतं. आधी त्यात सुपांचं वजन होतं, मग मडक्यांचं आलं, मग बांगड्यांचं, मग ऐरणीचं, आणि शेवटी सगळ्या बाजाराचं वजन त्या टोपल्यात उतरलं, असं म्हणतात. नारोशेटचे गुडघे वाकले. मान आत गेली.

"बाई, मी हे जरा खाली ठेवतो," तो कसाबसा म्हणाला.

त्याचाच पहारेकरी काठी घेऊन पुढे आला. माणूस इमानी होता. "शेटजी, टेकवाल तर जप्त करावं लागंल," तो म्हणाला. "तुमचाच हुकूम हाय."

बाजारात कुणी हसलं नाही. यासाठीच मला ती माणसं मोठी वाटतात. धुरपाबाईनं हातातलं सूप पदरानं पुसलं आणि म्हणाली, "शेट, एका दिसाचं वजं हाय ह्ये. आमी कितीक बुधवार घेतलंय. आता तुमीच सांगा, काय करायचं?"

नारोशेटच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. त्यानं तोंड उघडलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडला, "टेका! सगळेजण टेका!"

आणि सगळ्या बाजारानं एकदम ओझी खाली ठेवली. तो आवाज घाटमाथ्यावर ऐकू गेला आणि तिथल्या गुराख्यांना वाटलं, दरड कोसळली. दवंडी त्याच दिवशी मागे घेतली गेली. त्या सुपात निजलेलं बाळ पुढे मोठं झालं आणि त्यानं वखारीची दारं काढून तिथं पाणपोई घातली.

आजही माघातल्या पहिल्या बुधवारी कारवंड्यात उभा बाजार भरतो. दुपारपर्यंत कुणी भुईवर माल मांडत नाही आणि प्रत्येकजण शेजाऱ्याचा माल विकतो. बुरूडवाडा धुरपाबाईच्या नावानं नवं टोपलं विणतो. ते गावातल्या सगळ्यात मोठ्या दुकानदारानं डोक्यावर धरायचं असतं. बुरूडवाड्यातली सर्वांत म्हातारी बाई 'टेका' म्हणेपर्यंत त्याची सुटका नाही. म्हाताऱ्या मुद्दाम वेळ लावतात.

उभी मंडळीही आहे. तिला ना कचेरी, ना अध्यक्ष. मागच्या साली तालुक्याच्या गावी भाजीवाल्या बायकांना रस्त्यावरून उठवायला सरकारी गाड्या आल्या, तेव्हा कारवंड्याहून टेम्पो भरून माणसं गेली. त्यांनी त्या बायकांच्या पाट्या उचलून आपापल्या डोक्यावर घेतल्या आणि ती तशीच उभी राहिली. गाड्यांबरोबर आलेला साहेब वैतागून म्हणाला, "हा माल तुमचा नाही, गाव तुमचं नाही. तुमचा इथं संबंध काय?"

मेथीच्या पाटीखालून एक आजीबाई बोलल्या, "आमच्यात शेजाऱ्याचं वजं शेजारी घेतो. तुमी बी या, एक पाटी हाय शिल्लक."

गाड्या रिकाम्या परत गेल्या. त्या भाजीवाल्या आजही त्याच रस्त्यावर बसतात. जाऊन बघा, आणि जाल तेव्हा पिशवी घेऊन जा.