बॉनेटवरचा कागद

बैल विकून गोठा रिकामा झाला, त्या दिवसांतली गोष्ट. तिथे सर्जेरावांचा ट्रॅक्टर एकटाच उभा असायचा. दर दसऱ्याला ते विम्याचा नवा कागद त्याच्या बॉनेटवर ठेवून कुंकू लावायचे, "आता घोर नाही," म्हणायचे नि निघून जायचे.

"मालकांचा माझ्यावर किती जीव!" ट्रॅक्टर म्हणाला.

बैलांचा जुना खुंटा म्हणाला, "बैलांच्या अंगावरून ते रोज हात फिरवायचे. तुझं तेल कधी पाहिलं?"

त्या दिवसापासून ट्रॅक्टर मालकांच्या हाताची वाट पाहू लागला.

पुढे नांगरटीत तेलाविना इंजिन जाम झालं. विमेवाला म्हणाला, "काका, अपघाताची भरपाई मिळते, हेळसांडीची नाही."

सर्जेरावांनी पहिल्यांदाच बॉनेट उघडून आत हात फिरवला. त्या हाताची ट्रॅक्टरने किती वाट पाहिली होती! पण आता हुंकार द्यायलाही त्याच्यात आवाज उरला नव्हता.