सुपडूच्या गालावरची गर्दी

तापीकाठच्या एका गावात सुपडू नावाचा एक भोळा राहायचा. भोळा म्हणजे कसा? सांगितलेलं सगळं ऐकायचा. तेवढंच वाईट होतं बिचाऱ्याचं.

एकदा सुपडूचे गाल लाल झाले. आग आग व्हायला लागली. आणि नेमके रविवारी नथू बापू त्याला जावई म्हणून बघायला येणार! आधीच्या सोयरिकी मोडल्या होत्या. का, ते विचारू नका.

आई घाबरली. "हे तोंड बघून कोण पोरगी देईल रे? जा, डॉक्टरांकडे जा!"

डॉक्टरांनी बघितलं. "अरे, चेहऱ्यावर बारीक किडे असतात. डोळ्यांना न दिसणारे. सगळ्यांच्याच असतात. फार वाढले की कधीकधी अशी आग होते. चेहरा घासू नकोस. कोमट पाण्याने धू, मऊ फडक्याने टिप."

"बरं," सुपडू म्हणाला.

घरी आईने दुधाचं करपलेलं पातेलं पुढ्यात टाकलं. सुपडूने त्यावर कोमट पाणी सोडलं आणि मऊ फडक्याने हळूहळू टिपलं. वर फुंकरही घातली.

"मेल्या, असं निघतं होय? पाण्यात बुडवून ठेवायचं, मग काथ्याने खसाखसा घासायचं!"

"बरं."

गेला की न्हाणीत! तोंड बादलीत बुडवून ठेवलं. जीव गुदमरला तेव्हा वर आला, आणि काथ्या घेऊन गाल खसाखसा घासले. गाल झाले लाल मिरचीसारखे.

पुन्हा डॉक्टरांकडे! त्यांनी कपाळाला हात लावला. "हे मलम घे बाबा. चेहरा लाल झाला की लाव, किडे पळतील. तेल-तूप लांब ठेव, त्यावरच ते पोसतात. तुझा टॉवेल दुसऱ्याला द्यायचा नाही. आणि घाबरू नकोस. थोडे असले तर असू देत, गर्दी झाली तरच त्रास."

आई म्हणाली, "सुपडू, रविवारी माझं ऐकू नकोस. स्वतःच्या डोक्याने तर मुळीच चालू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच कर." झालं! माउलीने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

रविवारपर्यंत गाल निवळले. जीप भरून पाहुणे आले. सुपडू दारात आडवा उभा. "थोडे असते तर असू दिले असते. गर्दी झाली की त्रास."

"पोरगं विनोदी दिसतंय!" नथू बापू हसले. आईच्या जिवात जीव आला.

पंगत बसली. खापरावरची पुरणपोळी वाढली. तुपाचं भांडं सुपडूच्या हातात. बापूंनी ताट पुढे केलं, तसं त्याने भांडं पाठीमागे लपवलं. "तूप नको. तुपावरच हे पोसतात."

बापू हसले, पण जरा कमीच.

जेवणं झाल्यावर मानपान. बापूंच्या कपाळाला गंध लागलं, डोक्यावर टोपी आली. टॉवेल द्यायला आईने सुपडूला खुणावलं. त्याने टॉवेल छातीशी घट्ट धरला. "दुसऱ्याला द्यायचा नाही. किडे आहेत."

"किडे? कुणाला?"

"तुम्हाला पण आहेत की! गालावर, नाकावर. तुमच्या पोरीला पण."

बापूंचा चेहरा रागाने लालबुंद झाला.

"आई, बापूंचे वाढले!" सुपडू ओरडला, धावत जाऊन मलम घेऊन आला, आणि बापू उठायच्या आत त्यांच्या गालांना, नाकाला, मिशांना भराभरा चोपडलं.

बापू ताडकन उठले. मागोमाग सगळे उठले. जीप धुरळा उडवत निघूनही गेली. आई उंबऱ्यावर मटकन बसली आणि रडायलाच लागली.

सुपडू तिच्याजवळ बसला. मलमाची डबी तिला दाखवत म्हणाला, "रडू नकोस आई. केवढं गुणाचं मलम आहे बघ! एकालाच लावलं, आणि सगळे पळाले!"